मराठवाड्यातली मानसिक आरोग्यसेवा: पहिली भेट जमते, दुसरा महिना हुकतो

छत्रपती संभाजीनगरात मानसिक आजारावर उपचारच मिळत नाहीत, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ती खरी नाही. घाटीत, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, चिकलठाण्याच्या सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी आहे, खाजगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि फोनवर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. लातूर, नांदेड, अंबाजोगाईलाही शासकीय मेडिकल कॉलेजमुळे साधारण एवढी सोय आहे. गळती सुरू होते ती त्यापुढे. पहिल्या तपासणीला आलेला पेशंट तीन महिन्यांनी गोळ्या घेतोय का, असं विचारलं की सगळेच एकमेकांकडे बघतात. म्हणून या परीक्षणात इमारतीला, रंगरंगोटीला गुण नाहीत. पेशंट टिकतो की नाही, त्याला आहेत.

तीन महिनेच का, तर औषधांचा हिशेबच तसा आहे. नैराश्यावरची एस्सिटालोप्रॅमसारखी गोळी सुरू केली की पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी होते आणि गुण काहीच दिसत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा-आठ. म्हणजे पहिल्या आठवड्यात ‘गोळी बाधली’ म्हणून एक गट गळतो आणि दुसऱ्या महिन्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दुसरा. बरं वाटल्यावरही गोळी आणखी सहा ते नऊ महिने घ्यायची असते. मध्येच बंद केली की चक्कर येते, अंगात करंट गेल्यासारखं होतं, चिडचिड वाढते. मग घरात म्हणतात, ‘बघा, सवय लागली.’ ही माहिती पहिल्या भेटीत दोन मिनिटं काढून सांगितली तर निम्मं काम होतं. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच दोन मिनिटं कापली जातात.

फोन: १४४१६

टेली मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. पैसे लागत नाहीत, मराठी निवडता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. २०२४ पासून त्याचं ॲपही आहे.

हा या सगळ्या साखळीतला सर्वात सोपा दुवा आहे. पाचपैकी चार. एक गुण कापलाय, कारण फोन ठेवल्यावर पेशंट पुन्हा एकटा पडतो. ‘जवळच्या रुग्णालयात दाखवा’ हा सल्ला बरोबर असतो, पण कोणत्या खिडकीवर, कोणत्या वारी, कोणता कागद घेऊन जायचं, हे त्याच्या हातात पडत नाही. फोन करणाऱ्याने एवढं करावं: कागद-पेन घेऊन बसावं, समुपदेशकाला आपला जिल्हा आणि तालुका सांगावा आणि ‘मला नेमकं कुठे जायचं’ हे लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. शेवटी ‘परत फोन कराल का’ हेही विचारावं. वेळ ठरवून मागितला तर पाठपुराव्याचा फोन मिळू शकतो.

दारू किंवा गांजाचा प्रश्न असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात आणि १०४ वर समुपदेशन मिळतं. कल्पना उत्तम आहे. चुकतं ते प्रश्न विचारण्याच्या जागेत. ओसरीवर सासू, दीर, शेजारीण बसलेली असताना ‘जीव नकोसा वाटतो का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. हा प्रश्न एकटीला, घराच्या मागच्या बाजूला किंवा उपकेंद्रात नेऊन विचारायचा असतो. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली, असं धरलं की सगळा गाव कागदावर ठणठणीत दिसतो.

सिव्हिल की घाटी?

दोन्ही सरकारीच, पण खाती वेगळी. सिव्हिल सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे केस पेपर आणि काही तपासण्यांना शुल्क लागतं, थोडं असलं तरी. मनपाची आरोग्य केंद्रं तिसऱ्याच हाताखाली. एका शहरात एकाच पेशंटचे तीन केस पेपर तयार होतात आणि एकाही डॉक्टरला बाकीचे दोन दिसत नाहीत. आभा, म्हणजे आरोग्य नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक काढला, खिडकीवरचा क्यूआर स्कॅन केला तर नोंदणीची रांग वाचते. पण घाटीत लिहिलेला डोस मनपाच्या दवाखान्यात आपोआप दिसेल या भरवशावर राहू नये. जुना कागद पिशवीत हवाच.

निवड अशी करावी. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, उदास वाटतं, दारू सोडायची आहे पण अजून झटके वगैरे आलेले नाहीत: सिव्हिल. भास होतात, संशय वाढलाय, अंगावर धावून जातो, बाळंतपणानंतर बाई विचित्र बोलायला लागली, आधी दोन-तीन औषधं लागू पडली नाहीत: मेडिकल कॉलेज, कारण तिथे ॲडमिट करायची सोय असते, दुसऱ्या विभागाचे डॉक्टर बोलावता येतात आणि रात्रीही निवासी डॉक्टर असतात.

पहिल्या भेटीला गुण साडेतीन. निवासी डॉक्टर तरुण असतात आणि चिकाटीने विचारतात. वेळ मात्र मोजका. म्हणून घरून एक पान लिहून न्यावं. ‘टेन्शन आहे, डोकं चालत नाही’ असं लिहून उपयोग नाही. असं लिहावं:

‘वय ३४. वाळूजला कंपनीत. दिवाळीपासून रात्री दोनला जाग येते, परत झोप नाही. जेवण निम्मं. वजन ६८ चं ६१. दोन वेळा कामावरून न सांगता घरी आला. मोबाइल बघत नाही. दारू आठवड्यातून दोनदा, क्वार्टर. थायरॉइड कधी तपासलेलं नाही. मामाला असाच आजार होता, गोळ्या चालू होत्या. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी एक महिना घेतली, स्ट्रिप सोबत आहे.’

यातल्या प्रत्येक ओळीमागे डॉक्टरचा एक प्रश्न वाचतो. वजनाचा आकडा, दारूचं माप आणि रिकामी स्ट्रिप या तीन गोष्टी नातेवाईक हमखास विसरतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ या तपासण्या सहसा सांगितल्या जातात, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस उदास आणि सुस्त दिसतो. जीवनाचा कंटाळा आल्याचे विचार असतील तर ते कागदावर लिहिणं अवघड जातं. डॉक्टरला ‘पेशंटशी एकट्याने बोला’ एवढं सांगितलं तरी पुरे.

औषधाची खिडकी

सेवा इथे फाटते. पाचपैकी दोन.

केस पेपरवर डॉक्टरने ‘१-०-१, ३० दिवस’ लिहिलेलं असतं. खिडकीवर सात दिवसांच्या किंवा पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, ‘उरलेल्या पुढच्या वेळी’. पैठण किंवा सिल्लोडहून आलेल्या माणसाला म्हणजे महिन्यात दोन ते चार खेपा. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. तीन औषधांपैकी एक नसतं, तेव्हा ‘बाहेरून घ्या’ असा शेरा येतो आणि हटकून महागातलं औषध बाहेरचं निघतं. पेशंट मग दोन स्वस्त गोळ्या चालू ठेवतो आणि मुख्य गोळी सोडून देतो. महिन्याने आजार उसळतो आणि फाइलमध्ये ‘औषध नियमित घेत नाही’ अशी नोंद पडते. दोष कुणाचा, हे त्या नोंदीत नसतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, इथे पेशंटच्या बाजूने स्पष्ट आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी रुग्णालयात, समुदाय आरोग्य केंद्रापासून वर, मोफत मिळायला हवीत. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर माणसाचा उपचार कार्ड नसलं तरी मोफत आहे. खिडकीवर भांडून उपयोग नसतो, तिथला कर्मचारी साठा ठरवत नाही. ‘औषध उपलब्ध नाही’ हे केस पेपरवर लिहून, शिक्का मारून मागावं. असा कागद जमला की तो वरपर्यंत जातो.

गोळी घेताना नाव जेनेरिक लिहून घ्यावं आणि ताकद, म्हणजे मिलिग्रॅम, दर वेळी तपासावं. कंपनी बदलली की स्ट्रिपचा रंग बदलतो. पेशंट म्हणतो, ‘ही माझी गोळी नाही’ आणि घेत नाही. याउलट पाचची स्ट्रिप संपून दहाची आली तर सवयीने दोन गोळ्या घेतल्या जातात. घरातल्या एका माणसाने दर महिन्याला नवी आणि जुनी स्ट्रिप शेजारी धरून बघायची, एवढं पुरतं.

काही औषधांना मराठवाड्याचं हवामान आणि कामाचे दिवस लक्षात घ्यावे लागतात. लिथियम हे त्यातलं पहिलं. बायपोलर म्हणजे उन्माद-नैराश्याच्या आजारात ते फार चांगलं चालतं, पण रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान राहावी लागते आणि दीडच्या वर गेली की विषबाधा सुरू होते. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात किंवा बांधकामावर घाम गाळला, पाणी आणि मीठ कमी पडलं, हगवण लागली किंवा रोजात-उपवासात दिवसभर पाणी घेतलं नाही की डोस तोच असूनही पातळी चढते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेननेही चढते. हात जास्त थरथरणं, चालताना तोल जाणं, बोलणं जड होणं, उलट्या: ही लक्षणं दिसली की पुढची गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठायचं. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊनच रक्त दिलं तर आकडा खोटा येतो. सरकारी ओपीडीत ही तपासणी नेहमी होईलच असं नाही. बाहेर करावी लागली तरी टाळू नये. मूत्रपिंड आणि थायरॉइड सहा महिन्यांनी.

व्हॅल्प्रोएट ही बायपोलरवरचीच दुसरी गोळी. ती मुलींना आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना शक्यतो देत नाहीत, गर्भावर परिणाम होतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या गोळ्या लपवून ठेवायची पद्धत इथे सर्रास आहे आणि नेमकी ही गोळी लपून पुढे चालू राहते. लग्नाआधी डॉक्टरशी बोलून औषध बदलून घेता येतं. भास-संशयाच्या आजारावरचं क्लोझापिन सुरू असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, पुढे अंतर वाढवत. ताप आणि घसादुखी आली तर त्याच दिवशी. त्याच आजारावरच्या ओलान्झापिनवर वजन आणि साखर चढते, म्हणून पहिल्याच भेटीत वजन आणि कंबर लिहून ठेवलेली बरी.

भास, आक्रमकपणा आवरायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत किंवा पहिल्या दोन-चार दिवसांत कधी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. हा औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे, त्यावरचं वेगळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात उतरतो. घरी सांगितलेलं नसेल तर ‘अंगात आलं’ म्हणून पेशंट रात्रीतून देवस्थानाला पोचतो आणि परत ओपीडीला येत नाही. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने एक वाक्य बोललं तरी हे टळतं.

झोपेच्या गोळ्यांचं तर विचारू नका. अल्प्राझोलाम ही त्यातली नेहमीची, औषध कायद्याच्या एच-वन यादीत आहे. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय देऊ नये आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवावी, असा नियम आहे. तरी वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीच्या पट्ट्यात रात्रपाळी करून आलेली माणसं ती गोळ्या-बिस्किटांसारखी घेतात. दोन ते चार आठवड्यांत सवय लागते. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्यायची. पाळी बदलणाऱ्याने डॉक्टरला ड्यूटीचा तक्ता दाखवावा. ‘रात्री जेवणानंतर’ असं लिहिलेली गोळी रात्रपाळीला मशीनवर उभं असताना घेतली तर बोट जाईल.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी बीड, धाराशिव, परभणीकडच्या ओपीडींनी वेगळी व्यवस्था करायला हवी आणि ती अवघड नाही. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. निघण्याआधी तीन महिन्यांची औषधं, जेनेरिक नावं असलेलं मराठी आणि इंग्रजीतलं एक पत्र आणि दर दोन-चार आठवड्यांनी इंजेक्शन चालू असेल तर त्याची पुढची तारीख मोठ्या अक्षरात. फ्लुफेनाझिनसारखं हे इंजेक्शन कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टरही देऊ शकते. तिच्या हातात कागद आणि औषध हवं. रोजच्या गोळीपेक्षा ते टोळीत लपवायलाही सोपं जातं.

खाजगी दवाखाने आणि समुपदेशक

वेळ मिळतो, संध्याकाळी उघडे असतात, ओळखीचं कुणी भेटायची भीती कमी. गुण साडेतीन. पैशाचा अंदाज पहिल्याच भेटीत विचारावा: तपासणी किती, फेरतपासणी किती दिवसांत निम्म्या दरात, औषध दवाखान्यातूनच घ्यावं लागेल का. चिठ्ठीवर औषधाचं नाव न लिहिता पुडीत गोळ्या देणारा दवाखाना असेल तर उठून यावं. शहर सोडलं, डॉक्टर गावाला गेले, तर त्या पुडीत काय होतं हे कुणालाच कळत नाही.

पाट्या नीट वाचाव्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर, या पाट्यांपैकी तोच औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारला तर राग यायचं कारण नाही. दोन-चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र लावून ‘समुपदेशक’ लिहिणारेही पुष्कळ आहेत. परीक्षेचा ताण, नवरा-बायकोचं भांडण यांत त्यांचा उपयोग होऊ शकतो. भास होणाऱ्या पेशंटला त्यांनी सहा बैठका बसवून ठेवणं हा वेळेचा गुन्हा आहे. ‘गोळ्या घेऊ नका, मनानेच बरं करतो’ असं म्हणणारा कुठलाही माणूस टाळावा.

लातूरच्या क्लासेसबद्दल एवढंच: सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना, कोचिंग क्लासेस धरून, पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. प्रवेश घेताना ‘समुपदेशक कोण, कुठे बसतात, किती वाजता’ हे फीच्या आधी विचारावं. त्या खोलीचा रस्ता प्राचार्यांच्या केबिनमधून जात असेल तर मुलं जाणार नाहीत.

विमा असेल तर मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचं बंधन कायद्याने कंपन्यांवर आहे. ॲडमिट झाल्यावर दावा करता येतो. ओपीडीचा आणि समुपदेशनाचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रं

यांना एकत्र गुण देणं अन्यायाचं होईल. चांगली फार चांगली आहेत आणि वाईट धोकादायक. पाच प्रश्न विचारून ओळखता येतात. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात की फोनवर? पहिल्या आठवड्यात नातेवाईकांना भेटू देता का? फाटकाला आतून कुलूप किती वेळ असतं? रात्री फिट आली तर कुठे नेता?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बरळणं, थरथर, किडे-साप दिसणं, ताप. हे जिवावर बेततं. म्हणून सुरुवातीचे चार-पाच दिवस रुग्णालयात, बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं आणि औषधांच्या आधाराने काढावेत, मग केंद्रात न्यावं. थायमिन आधी आणि ग्लुकोजचं सलाइन नंतर, हा क्रम आहे. ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात आधीच ग्लुकोज लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चहात-भाजीत पेशंटला न सांगता दारू सोडायची गोळी मिसळायची सवय तर बंदच व्हायला हवी. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो.

रात्री दोनला काय?

इथे अडीच गुण, तेही १०८ च्या रुग्णवाहिकेमुळे. कायद्यानुसार आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत मानसिक आजारावर तातडीचा उपचार करू शकतो. ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, घेऊन जा’ हे उत्तर पुरेसं नाही. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं पोलिसांचं काम आहे. विष घेतलेल्या किंवा स्वतःला इजा केलेल्या माणसावर गुन्हा दाखल होईल या भीतीने नातेवाईक खोटं बोलतात, ‘चुकून घेतलं’ म्हणतात किंवा उशिरा आणतात. कायदा अशा माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरतो. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, ती रुग्णालयाची रीत आहे. औषधाची बाटली किंवा डबा सोबत आणावा, डॉक्टरला उतारा ठरवायला लागतो. आणि जीव वाचल्यावर घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागात दाखवल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नये. ही एक पायरी सर्वात जास्त वेळा राहून जाते.

लांब मुक्कामाच्या उपचाराची सोय हा मराठवाड्याचा जुना घाव. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यातलं एकही नाही. जालन्याला ३६५ खाटांचं मंजूर झालं, त्याचं स्वागतच आहे. पण खरं सांगायचं तर, ज्या पेशंटला महिन्याच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या तो त्या खाटेवर पोचलाच नसता.

शहराने काय बदलावं

देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, तेव्हा डॉक्टर वाढवा म्हणणं सोपं. आहेत त्यांच्यातच बरंच होतं. जिल्हा कार्यक्रमाच्या पथकात समाजकार्यकर्ता आणि सामुदायिक परिचारिका ही पदं आहेत. त्यांनी ठरलेल्या तारखेला न आलेल्या पेशंटला तिसऱ्या दिवशी फोन करायचा. पंधराव्या दिवशी केला तर तोवर गोळ्या संपलेल्या असतात. स्थिर पेशंटची दर महिन्याची चिठ्ठी सिस्टरच्या खिडकीवर, डॉक्टरची तपासणी तीन महिन्यांनी. औषध तीस दिवसांचं, निदान बाहेरगावच्या पेशंटला. आठवड्यातून एक संध्याकाळ ओपीडी, कामगारांसाठी. मनपाच्या आरोग्य केंद्रांत महिना-पंधरवड्याची इंजेक्शनं. आणि सिव्हिल, घाटी, मनपा तिघांना चालेल अशी एकच वही, पेशंटच्या हातात राहणारी. डायरीएवढी, पहिल्या पानावर चालू औषधं पेन्सिलीने. टीबीच्या पेशंटचा असा पाठपुरावा सरकारी यंत्रणा याच शहरात करते, त्यामुळे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही.

कागदपत्रं आणि तक्रार

दीर्घ आजारात दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड निघतं. ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर एसटी सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. तपासणीच्या दिवशी पेशंटला आंघोळ घालून, नवे कपडे घालून, ‘सगळं नीट बोल’ असं शिकवून नेतात आणि टक्के कमी पडतात. तो घरी जसा असतो तसाच न्यावा; स्वतःची काळजी घेणं, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार बाजू तिथे मोजतात. जुन्या केस पेपरांच्या झेरॉक्स तारखेनुसार लावून न्याव्यात, आजार किती वर्षांचा हेही गुणांत धरतात.

औषध नाकारलं, मारहाण झाली, भूल न देता शॉक दिले, नातेवाईकांना भेटू दिलं नाही, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज, दोन प्रतींत, आवक शिक्का घेऊन. तिथे काम झालं नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. त्याला फी नाही आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. अर्जात घटनेची तारीख, ओपीडी क्रमांक, न मिळालेल्या गोळीचं नाव आणि ताकद लिहायची आणि बाहेरून घेतल्याचं बिल जोडायचं.